न दिसणाऱ्या विमानाची गोष्ट

भाऊबीजेसाठी मी परभणीस ताईकडे गेलो होतो. फराळाचे ताट पुढे यावयास आणि वीज जावयास एकच गाठ पडली. अंधारात भाच्याचा आवाज आला, ''मामा, आपलं ते नवं स्टेल्थ विमान खरंच कोणाला दिसत नाही का हो?''

''दिसतं की! तुझ्यामाझ्या डोळ्यांना चांगलं दिसतं. दिसू नये ते रडारला.''

त्याचे समाधान झाले नाही. तेव्हा मी ताटातल्या करंज्या वाटीत काढल्या, बॅटरी त्याच्या हाती दिली आणि रिकामे ताट घेऊन समोरच्या भिंतीशी उभा राहिलो. ताट सरळ धरले तो झोत थेट त्याच्या डोळ्यांवर परतला. मग ताट जरा तिरपे केले. उजेड छताकडे गेला आणि ताट असे काळे पडले की जणू माझ्या हाती काही नाहीच. शेवटी ताटावर घोंगडी टाकली. उजेड तीतच जिरला. ''भांडी पाडाल हो दोघे,'' स्वयंपाकघरातून ताई म्हणाली.

स्टेल्थ विद्येचे मर्म एवढेच. रडार लहरी सोडते आणि विमानावर आपटून परतलेल्या लहरींवरून त्याचा पत्ता काढते. म्हणून विमानाचे अंग असे घडवावयाचे की लहरी भलतीकडे जाव्यात. उरल्यासुरल्या शोषून घेणारा लेप वर द्यावयाचा. इंजिनाचा फिरता पंखा लहरी फार परतवतो, म्हणून त्याकडे जाणारी हवेची वाट नागमोडी करतात. बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे पंखांखाली न टांगता पोटात ठेवतात. परंतु गणित मोठे कंजूष आहे! रडारने विमान पकडण्याचे अंतर निम्मे करावयाचे, तर त्याची रडारवरची छाया सोळा पटींनी घटवावी लागते. अंतर एक दशांशावर आणावयाचे, तर दहा हजार पटींनी.

मोठी मौज अशी की, या विद्येची एक किल्ली सापडली मॉस्कोत. प्योत्र उफिमत्सेव्ह या शास्त्रज्ञाने वस्तूच्या कडांवरून लहरी कशा विखुरतात याचे गणित १९६२ साली पुस्तकरूपाने छापले. ते उघड प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतील लॉकहीड कंपनीच्या तंत्रज्ञांनी ते वाचले आणि संगणकाच्या मदतीने हिऱ्यासारख्या पैलूंचे विमान आखले. हेच ते एफ-११७; ते १९८१ साली प्रथम उडाले. तथापि अमरपट्टा त्यालाही नव्हता. १९९९ च्या मार्चमध्ये सर्बियाने जुन्या रशियन क्षेपणास्त्राने एक पाडलेच. लांब लहरींच्या जुन्या रडारांना अशी विमाने थोडीफार दिसतात, हे तेव्हा जगाला कळले.

''आपल्याकडे कधी?'' भाच्याने विचारले.

आमच्या परभणीत एक म्हण आहे: जगात जर्मनी, भारतात परभणी. तिचा उगम काय असेल तो असो. विमानविद्येत मात्र जर्मनीचा आणि मराठी मुलखाचा दुवा खरोखरीच आहे. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी ग्यॉटिंगेनला प्रांटल यांच्यासारख्या गुरूपाशी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे बंगळूरास एच. टी.-२ हे शिकाऊ विमान आखले. ते १९५१ साली उडाले. त्यानंतर जर्मन अभियंता कुर्ट टांक आला आणि त्याच्या हाताखाली 'मरुत' हे लढाऊ विमान तयार झाले. १७ जून १९६१ रोजी त्याने पहिली भरारी घेतली. रूप देखणे, बांधणी भक्कम. पण त्याच्या तोलाचे इंजिन त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही. ध्वनीचा वेग ओलांडावयास जन्मलेले विमान त्या वेगाखालीच राहिले.

हे शल्य मला आजही बोचते, कारण तीच अडचण पुन्हा वाटेत उभी राहिली. 'कावेरी' इंजिनाचा प्रकल्प १९८९ साली मंजूर झाला. २००८ साली त्याची 'तेजस'पासून फारकत झाली आणि तेजस अमेरिकन इंजिनावर उडत राहिले. इंजिनाच्या पात्यांभोवतीचा वायू त्या पात्यांच्या धातूच्या वितळबिंदूहूनही तापलेला असतो. अखंड एका स्फटिकाची, अंगात बारीक हवेची भोके असलेली ती पाती घडवण्याची कला कोणताही देश दुसऱ्यास सहजी शिकवीत नाही.

आता नव्या विमानाविषयी. त्याचे नाव 'अ‍ॅमका'. एका वैमानिकाचे, दोन इंजिनांचे, सुमारे पंचवीस टन वजनाचे. मार्च २०२४ मध्ये सरकारने त्याच्या आराखड्यास आणि पाच नमुन्यांस सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर केले. पोटात दीड टन शस्त्रे राहतील. आरंभीची विमाने अमेरिकन इंजिनांवर उडावयाची; पुढच्यांसाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर भारतातच इंजिन घडवण्याचे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. प्रत्यक्ष दलात येण्याचे उद्दिष्ट २०३५ च्या सुमाराचे.

दहा वर्षे म्हणजे थोडथोडकी नव्हेत. तेजसला मंजुरी १९८३ ची, पहिले उड्डाण २००१ चे आणि पहिली तुकडी २०१६ ची! इकडे २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून निघालेली ती विमाने. मंजूर बेचाळीस तुकड्यांपैकी तेव्हा एकोणतीसच उरल्या. त्याच ओझरातून ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसची नवी आवृत्ती उडाली, एवढा दिलासा.

भाचा बोटे मोडीत हिशेब करीत होता. ''मामा, २०३५ ला मी सत्तावीस वर्षांचा असेन. ती पाती घडवायला काय शिकावं लागतं?''

''धातुविद्या,'' मी म्हणालो.

''अन् गणित?''

''तेही आलंच.''

तो जरा गप्प झाला. सहामाहीतले त्याचे गणिताचे गुण ताईने मला दुपारीच सांगितले होते. एवढ्यात वीज आली. ताट अजून माझ्या हाती तिरपेच होते. ताईने ते काढून घेतले, पदराने पुसले आणि त्यात करंज्या पुन्हा मांडल्या.