हरवलेल्या कुत्र्याचा पत्ता

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. परळी-अंबाजोगाई परिसरातील धर्मापुरीच्या पंचक्रोशीला हे दृश्य नवे नाही. ट्रॉलीत भांडीकुंडी असतात, ज्वारीचे पोते असते, शेळी असते, लेकरे असतात. आणि पुष्कळदा एखादे कुत्रेही असते. उसाच्या फडाशेजारी उभारलेल्या कोपीला दार नसते, कुलूप नसते. पहाटेच्या अंधारात नवराबायको कोयता घेऊन फडात गेली म्हणजे मागे राहिलेल्या धान्याची, शेळीची आणि झोपलेल्या मुलांची राखण करणारा तेवढा एकच प्राणी असतो. त्याला शहरी अर्थाने ‘पाळीव’ म्हणणे अपुरे ठरेल. तो त्या कुटुंबाच्या कष्टातला वाटेकरी असतो.

असे कुत्रे वाटेत हरवते. चहापाण्यासाठी ट्रॉली थांबते, कुत्रे खाली उतरते, दुसऱ्या गावची कुत्री अंगावर येतात, ते पळते. तोवर ट्रॅक्टर सुरू झालेला असतो. हंगामाच्या घाईत मागे वळायला मुकादम तयार नसतो. पुढच्या गावी पोचल्यावर मुले रडतात, बाई दोन दिवस हळहळते आणि विषय संपतो. खरे पाहता तो तेथे संपण्याचे कारण नाही. ते कुत्रे कोठेतरी जिवंत असते. एखाद्या हॉटेलमागे, बसस्थानकात किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात त्याला आसरा मिळालेला असतो. ज्याचे कुत्रे त्याला ते कोठे आहे हे ठाऊक नसते आणि ज्याच्या दारी ते आहे त्याला ते कोणाचे हे ठाऊक नसते. एकाच माहितीचे दोन तुकडे दोन अनोळखी माणसांपाशी पडून राहतात, आणि ते जुळत नाहीत म्हणून कुत्रे हरवलेले राहते.

अर्थशास्त्राने या स्थितीचा विचार निराळ्या संदर्भात केलेला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की माहिती ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. स्वस्त दुकान शोधत हिंडणाऱ्या ग्राहकाला त्या हिंडण्याचीही किंमत मोजावी लागते. शोधाचा खर्च लाभापेक्षा वाढला की माणूस शोध थांबवतो. ऊसतोड कामगाराने कुत्र्याच्या शोधासाठी एक दिवस घालवावयाचा म्हणजे एका कोयत्याची मजुरी बुडवावयाची. तो शोध सोडतो ते माया नसते म्हणून नव्हे, तर शोध परवडत नाही म्हणून. यावर उपाय एकच: शोधाचा खर्च जवळजवळ शून्यावर आणणे. ते काम कुत्र्याच्या गळ्यातील नावपत्त्याचा एक लहानसा बिल्ला करू शकतो.

मात्र बिल्ला घालणे वेगळे आणि उपयोगी पडेल असा बिल्ला निवडणे वेगळे. बाजारात मिळणारे चकचकीत बिल्ले बहुधा कुत्र्याचे नाव मिरवण्यासाठी असतात. मराठी मुलखात कोणतीही तीन गावे घेतली तर त्यांत एक तरी मोत्या, एक वाघ्या आणि एक राजा सापडेल. ‘मोत्या’ एवढेच कोरलेला बिल्ला शोभेची वस्तू होय, पत्ता नव्हे. कुत्र्याला आपले नाव ठाऊक असते. परक्या माणसाला ठाऊक नसतो तो मालक.

मग गावाचे नाव घालावे काय? येथे धर्मापुरीची अडचण बोलकी आहे. बीड जिल्ह्यातील ही धर्मापुरी केदारेश्वराच्या प्राचीन शिल्पमंडित मंदिरामुळे आणि किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु उसाच्या पट्ट्यात, सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, एक धर्मपुरी आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते ती याच गावी. गोदावरीकाठी तेलंगणात नरसिंहाचे क्षेत्र असलेली आणखी एक धर्मपुरी आहे, आणि तमिळनाडूत तर त्या नावाचा अख्खा जिल्हाच आहे. अकलूजच्या आसपास हरवलेल्या कुत्र्याच्या गळ्यात नुसते ‘धर्मापुरी’ असे लिहिलेले असेल, तर सापडवणारा सज्जन माणूस ते माळशिरस तालुक्यातील धर्मपुरीचेच समजेल यात शंका नाही. फरक अवघ्या एका कान्याचा, आणि गळ्यातल्या धातूवर तो काना वर्षभरात झिजूनही जातो.

ही अडचण कुत्र्यांपुरती नाही. टपाल खात्याला ती फार पूर्वी भेडसावली होती. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषा आणि लिप्या, यांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यावर तोडगा म्हणून संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्याचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकडी पिन पद्धती सिद्ध केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशात सुरू झाली. नावाने जेथे घोटाळा होतो तेथे आकड्याने उलगडा होतो, हा तिचा धडा. कुत्र्याच्या बिल्ल्यावर सर्वांत मोठी जागा आकड्यालाच द्यावयास हवी, आणि तो आकडा म्हणजे दहा अंकी दूरध्वनी क्रमांक.

त्यातही विवेक हवा. फडावर असलेल्या माणसाचा मोबाइल अनेकदा बंद असतो. चार्जिंगची सोय नसते, पैसे भरावयाचे राहून जातात, कधी क्रमांकच बदलतो. म्हणून बिल्ल्यावर दोन क्रमांक असावेत: एक मालकाचा आणि दुसरा गावात वर्षभर राहणाऱ्या नातेवाइकाचा, किराणा दुकानदाराचा अथवा शेजाऱ्याचा. आकडे इंग्रजी वळणाचे असावेत. कर्नाटकातील किंवा तेलंगणातील वाचकाला मराठी आकडा अडेल, तो अडणार नाही. त्याखाली गाव व जिल्हा, ‘धर्मापुरी, बीड’ एवढे, आणि जागा उरलीच तर रेबीजची लस टोचल्याचे वर्ष. कुत्र्याचे नाव सर्वांत शेवटी. नसले तरी चालेल.

धातूची निवड हाही विचाराचाच भाग आहे. ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलके, पण मऊ; त्यावरची अक्षरे लवकर पुसट होतात. पितळ दिसायला चांगले, तरी काळवंडते. छापलेली किंवा रंगवलेली अक्षरे उन्हापावसात टिकत नाहीत. पोलादी पत्र्यावर खोल कोरलेली अक्षरे सर्वांत टिकाऊ. लोंबता बिल्ला बाभळीच्या काट्यांत, तारेच्या कुंपणात अडकतो. त्याची साधी वाकवलेली कडी उघडून तो गळूनही पडतो. पट्ट्यालाच सपाट बसवून रिवेट मारलेली पट्टी या दोन्ही आपत्तींतून वाचते. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटे जातील इतका सैलपणा हवा, आणि वाढत्या पिल्लाचा पट्टा वेळोवेळी सैल करावयास हवा. नाहीतर तोच पट्टा गळ्यात रुतून जखम होते. हे कोरीव काम करणारा कारागीर शोधण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात भांड्यांवर नावे घालण्याची चाल घरोघरी आहे. ज्या दुकानी लग्नातल्या कळशीवर ‘सप्रेम भेट’ कोरून मिळते, तेथेच कुत्र्याचा पत्ताही कोरून मिळू शकेल. कळशी शेजाऱ्याच्या घरून चुकून परत यायची राहू नये म्हणून जो समाज तिच्यावर नाव घालतो, त्याने दारच्या राखणदाराला निनावी सोडावे ही विसंगती आहे.

कोणी म्हणेल की याहून आधुनिक साधने उपलब्ध आहेत. ते खरे आहे. गाईम्हशींच्या कानात आता बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो, आणि महाराष्ट्र शासनाने १ जून २०२४ पासून असा बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई केली. कुत्र्यांसाठी कातडीखाली बसवावयाची तांदळाच्या दाण्याएवढी चिपही मिळते; तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो. परंतु या दोन्ही साधनांची जात वेगळी आहे. तो क्रमांक नोंदवहीशी बोलतो, रस्त्यावरच्या माणसाशी नाही. चिप वाचावयास यंत्र लागते, आणि ते यंत्र फडाशेजारच्या चहाच्या टपरीवर नसते. इंग्लंडने ६ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची केली, तरी सार्वजनिक जागी कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचे नाव आणि पत्ता असलाच पाहिजे हा १९९२ चा नियम त्या देशाने काढून टाकला नाही. यंत्रांची रेलचेल असलेल्या देशाला जे अनावश्यक वाटले नाही, ते येथे अनावश्यक कसे ठरेल?

प्रश्न केवळ मालकाच्या लाभाचा असता तर तो ज्याच्या त्याच्यावर सोडता आला असता. पण बिल्ल्याचा लाभ मालकापलीकडच्यांनाही होतो. कुत्रा चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घ्यावीच लागते. मालक सापडण्याची वाट पाहावयाची नसते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून रुग्ण बहुधा वाचत नाही. तथापि ते कुत्रे कोणाचे हे कळले तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येते, त्याला लस दिली होती की नाही हे विचारता येते, आणि डॉक्टरांना पुढचा निर्णय घेणे सोपे जाते. निनावी कुत्र्याच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नसते. व्यक्ती खर्च करते आणि समाज लाभ घेतो अशा वस्तूंवर व्यक्ती नेहमीच गरजेपेक्षा कमी खर्च करते, हे अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. लशीची गणना अशा वस्तूंत होते. बिल्ल्याचीही व्हावयास हवी.

दुसरा मुद्दा कायद्याचा. खूण नसलेले कुत्रे हे बेवारस, असेच व्यवहारात धरले जाते, आणि त्याची किंमत फार जुनी आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारणाऱ्यांना प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले; त्या लोभाने लोकांची पाळलेली कुत्रीही पकडली जाऊ लागली आणि त्या जूनमध्ये पारशी समाजाच्या रोषातून दंगल उसळली. आज भटकी कुत्री मारण्यास कायद्याची अनुमती नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री हलवून, नसबंदी व लसीकरणानंतर निवारागृहात ठेवण्याचा आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. माणसांत वाढलेले कुत्रे हरवले की माणसांच्याच गर्दीकडे जाते. बसस्थानक हा त्याचा पहिला आसरा. तेथे त्याच्या गळ्यात पत्ता नसेल तर त्याची गणना भटक्यांत होणार आणि परतीची वाट कायमची बंद होणार.

यावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. जेथे ऊसतोड कामगाराच्या मुलांची शाळा दरवर्षी अर्ध्यावर सुटते, तेथे कुत्र्याच्या बिल्ल्याची चर्चा ही चैन नव्हे काय? आक्षेपामागची कळकळ खरी आहे, पण निष्कर्ष बरोबर नाही. मुलांच्या शाळेसाठी जो पैसा हवा त्यात या बिल्ल्यामुळे तूट येत नाही. उलट, कोपीचा राखणदार गेला की राखणीचे काम कोणाकडे येते? घरातल्या मोठ्या मुलीकडे. चैनीची वस्तू हरवली तर श्रीमंताचे मन दुखते. राखणदार हरवला तर गरिबाचे काम वाढते.

उपाय गावाच्या आवाक्यातला आहे. दरवर्षी २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो, आणि ऊसतोडीच्या टोळ्या साधारणतः त्यानंतरच्या काही आठवड्यांत गाव सोडतात. त्या दिवसाच्या आगेमागे ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने एक शिबिर घ्यावे. कुत्र्यांना लस टोचावी, तेथेच भांडी कोरणाऱ्या कारागिराला बसवावे, आणि प्रत्येक पट्ट्यावर दोन क्रमांक व ‘धर्मापुरी, बीड’ ही दोन नावे कोरून द्यावीत. ज्यांना दुसरा क्रमांक देता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा क्रमांक घालावा. शाळेतील शिक्षकांनी आणि महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी या कामी एक दिवस दिला तर नोंदवहीही तयार होईल. खर्च मुख्यतः पत्र्याचा आणि कोरणावळीचा.

महाभारतात धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत आलेल्या कुत्र्याच्या गळ्यात कोणतीही खूण नव्हती, आणि दारावर त्याला अडवलेही गेले. ‘हा माझ्यासोबत आहे’ असे सांगणारा माणूस तेथे हजर होता म्हणून त्याचा प्रश्न सुटला. फलटणच्या किंवा बेळगावच्या रस्त्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याजवळ तसे सांगणारा कोणी नसतो. त्याच्या वतीने ते वाक्य पट्ट्यावर आधीच कोरून ठेवावे लागते.