सात सेकंदांत मुंबई-पुणे

शंभर हात आणि पन्नास डोकी! ग्रीक पुराणातल्या हेकाटोनकायर नावाच्या राक्षसाचा हा हिशोब. म्हणजे दर डोक्यामागे बरोबर दोन हात. म्हणजे एकाच धडावर पन्नास माणसं! देगलूरहून नांदेडला निघालेली एसटी गच्च भरते, दांड्याला धरून लोक उभे राहतात, तेव्हा आत जेवढी माणसं असतात तेवढी सगळी एका कंबरेवर. आणि असा एक नाही, तिघे सख्खे भाऊ. तिघांचे मिळून ३०० हात. टायटनांशी झालेल्या युद्धात त्यांनी एका दमात ३०० खडक भिरकावले, असं ग्रीक कवी हेसिअड सांगतो.

आपण मात्र याहून मोठे आकडे ऐकत वाढलो. आपल्याच नांदेड जिल्ह्यात माहूरगड आहे. रेणुका, जमदग्नी आणि परशुरामाची ती जागा. परशुरामाने ज्याचे हात छाटले त्या सहस्रार्जुनाला किती हात होते? एक हजार! ग्रीकांचे तिघे भाऊ एकत्र केले तरी सातशे हात कमी पडतात. एका सहस्रार्जुनाच्या बरोबरीला दहा हेकाटोनकायर उभे करावे लागतील.

त्या तीन भावांपैकी एक, एगिऑन, 'गॉड ऑफ वॉर: असेन्शन' या व्हिडिओ गेमच्या पहिल्याच प्रसंगात भेटतो, आणि भेटतो तो तुरुंगाच्या रूपात. झ्यूसला दिलेली शपथ त्याने मोडली, म्हणून सूडदेवतांनी त्याच्या देहाचाच कैदखाना केला. स्पार्टाचा योद्धा क्रेटॉस त्यात साखळदंडांनी जखडलेला आहे. तो सुटतो, मेगेरा या सूडदेवतेच्या मागे धावतो. आजूबाजूच्या भिंती हलायला लागतात. ज्यावरून आपण पळतोय तो हात आहे! ज्याला लटकलोय तोही हातच आहे! कॅमेरा मागे जातो, अजून मागे जातो, आणि क्रेटॉसचा ठिपका होतो.

या ठिपक्याचं गणित करून बघू. उदाहरणादाखल धरा, सव्वासहा फुटी क्रेटॉस पडद्यावर सात ओळींएवढा उरला. पडद्याची उंची ७२० ओळींची. म्हणजे चौकटीत एकावर एक असे शंभरावर क्रेटॉस मावतात. सहाशे फुटांहून जास्त! गुजरातेतला सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटरचा, म्हणजे ५९७ फुटांचा. जगातला सर्वांत उंच पुतळा आणि या गेममधली एक चौकट, दोन्ही जवळजवळ एकाच मापाचे. आणि गेममधला राक्षस पुतळ्यासारखा स्थिर नाही. तो हात उगारून अंगावर येतो.

आता हा भाग मालिकेत कुठे बसतो ते सांगतो, कारण त्यावाचून त्याचं मोल कळत नाही. पहिला 'गॉड ऑफ वॉर' मार्च २००५मध्ये आला. तिसरा २०१०मध्ये आला आणि त्याने ऑलिंपस पर्वतावरच्या देवांचा जवळजवळ सगळा कारभार धुळीला मिळवला. पुढे जायला वाट उरली नाही, म्हणून सोनीच्या सांता मोनिका स्टुडिओने मागची वाट धरली. मार्च २०१३मध्ये 'असेन्शन' आला. प्रकाशनाच्या क्रमाने सातवा, पण कथेच्या क्रमाने तोवरचा सर्वांत पहिला. युद्धदेव एरिसच्या कपटाने क्रेटॉसच्या हातून बायको लायसँड्रा आणि मुलगी कॅलिओपी मारली गेली, त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांची ही गोष्ट. पूर्वकथेची अडचण एकच असते. पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. क्रेटॉस वाचणार, यात शंकाच नाही. पूर्वकथेला शेवट मोठा करता येत नाही. तिला फक्त तो क्षण मोठा करता येतो. 'असेन्शन'ने तेच केलं, आणि ते किती केलं हे आकड्यांतच दिसतं.

चला, मोजू या.

प्लेस्टेशन ३वर या गेमचं एक चित्र १,२८० गुणिले ७२० ठिपक्यांचं असतं. म्हणजे ९,२१,६०० ठिपके. सव्वानऊ लाखांच्या आसपास, एका चित्रात! प्रत्येक ठिपका एक मिलिमीटरचा धरा आणि रांगेत मांडा. रांग होईल ९२१ मीटर. बावीस डब्यांची एक्स्प्रेस इंजिनासह साडेपाचशे मीटरच्या आत संपते. एक चित्र त्या गाडीहून कितीतरी लांब! आणि सेकंदाला अशी ३० चित्रं धरली, तरी ठिपके होतात २ कोटी ७६ लाख ४८ हजार. रांग साडेसत्तावीस किलोमीटरच्या पुढे, एका सेकंदात! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुण्यापर्यंत रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. कल्याण गेलं, कर्जत गेलं, खंडाळ्याचा घाट गेला, लोणावळा गेलं, पुणे आलं. लागले सात सेकंद!

सात सेकंदांत क्रेटॉस जेमतेम दोनदा साखळी फिरवतो.

आता पूर्ण खेळ घ्या. रमतगमत खेळलात तर दहा तासांच्या आसपास लागतात. दहा तासांत ठिपके ९९,५३२ कोटी, म्हणजे एक लाख कोटींना थोडे कमी. त्यांची रांग ९,९५,३२८ किलोमीटर. चंद्रावर जाऊन परत यायला ७ लाख ६९ हजार किलोमीटर पुरतात. ही रांग चंद्रावर जाते, परत येते, आणि पुन्हा निघून अर्ध्याहून पुढे पोहोचते! रेल्वेच्या हिशोबात सांगायचं तर मुंबई-पुण्याच्या ५,१८४ खेपा. डेक्कन क्वीन रोज एकदा जाते आणि एकदा येते. तिला एवढं अंतर कापायला सात वर्षांहून जास्त लागतील. आणि ठिपक्यागणिक एक रुपया ठेवलात तर? मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता. दहा तास एक्कावन्न मिनिटं खेळलात, की अख्खी बुलेट ट्रेन तुमच्या दिवाणखान्यातल्या पडद्यावरून निघून गेली.

हे ठिपके रंगवायला आधी आकडेमोड लागते. प्लेस्टेशन ३च्या सेल नावाच्या मेंदूत खेळासाठी सहा मदतनीस मोकळे असत. एकेकाची पूर्ण ताकद सेकंदाला २,५६० कोटी गणितं. सहांची मिळून १५,३६० कोटी, सेकंदाला! एक माणूस दर सेकंदाला एक गणित सोडवत बसला, न झोपता, न जेवता, तर त्याला एवढ्या कामाला सुमारे ४,८७० वर्षं लागतील. म्हणजे त्याने हडप्पाच्या काळात पाटी हातात घेतली असती, तर तो आत्ता कुठे संपवत आला असता. देगलूर शहराची वस्ती पन्नास हजारांवर आहे. पन्नास हजार जणांना कामाला लावलं तर पस्तीस दिवस आणि पस्तीस रात्री. भारताच्या १४० कोटी माणसांनी एकदम सुरुवात केली तरी पावणेदोन मिनिटांच्या वर. यंत्राला एक सेकंद. ही ताकद एका सेकंदातल्या सगळ्या ठिपक्यांवर वाटली, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला साडेपाच हजारांवर गणितं येतात!

आणि हे सगळं करायला जागा किती होती? इथे मी दर वेळी थक्क होतो. अर्धा जीबी! २५६ एमबी एकीकडे, २५६ एमबी चित्रांसाठी. आज चार जीबी स्मृतीचा फोन साधा समजतात, त्याच्या आठव्या हिश्शात एगिऑनचे हात, डेल्फीचं मंदिर, बर्फ, आग, शत्रूंच्या टोळ्या सगळं बसवायचं होतं. ब्लू-रे तबकडीत मात्र ५० जीबीची सोय. शंभरास एक असं हे प्रमाण.

हे विहिरीवर नीट कळतं. सहा मीटर व्यासाची विहीर, तिच्यात पाच मीटर पाणी, म्हणजे सुमारे १ लाख ४१ हजार लिटर. ती तबकडी. वर टाकी फक्त १,४०० लिटरची. ती यंत्राची स्मृती. मधला पाईप सेकंदाला २५ लिटर देणारा, म्हणजे टाकी भरायला ५६ सेकंद. पण खेळणारा जवळपास एक मिनिट कोऱ्या पडद्याकडे बघत बसेल का? या मालिकेत तशी वाट बघावीच लागत नाही! क्रेटॉस जड दार उचलतो, कपारीतून अंग चोरत सरकतो, साखळीवर चढतो, तेवढ्यात मागचं पाणी सोडून दिलेलं असतं आणि पुढचं टाकीत येत असतं. भिजणं सुरू असताना पाणी बदललं, आणि पिकाला पत्ता नाही. मालिकेतली ही कारागिरी जुनीच आहे, पण एवढा मोठा राक्षस एवढ्या लहान टाकीत खेळवणं मला त्या यंत्रावरचं शिखर वाटतं.

तरी समीक्षकांनी हात आखडता घेतला. मेटाक्रिटिकवर पहिल्या भागाला ९४, दुसऱ्याला ९३, तिसऱ्याला ९२, आणि याला ८०. एकदम बारा गुणांची घसरण! कथेपुरती ती मला मान्य आहे. वर्तमान आणि भूतकाळात उड्या मारणारी मांडणी पकड सैल करते, आणि तिसऱ्या भागातला संताप इथे तितका पेटत नाही. आर्किमिडीजच्या कसोटीतली तीन टप्प्यांची लढाई तर इतकी कठीण होती, की स्टुडिओला नंतर ती सोपी करावी लागली. आठ जणांनी एकत्र खेळायची सोय मालिकेत पहिल्यांदा आली, तीही सगळ्यांना रुचली नाही. पण मापाला गुण द्यायचे ठरवले, तर माझ्या लेखी हा भाग मालिकेत कुणाच्याही खाली बसत नाही.

यातलं डेलॉस बेट बघा. तिथे अपोलोचा अवाढव्य पुतळा तुकड्यातुकड्यांनी पडलेला आहे, आणि क्रेटॉस त्याच्या अवयवांमधून वाट काढतो. त्याच्याजवळचा युरोबोरोसचा ताईत मोडलेल्या वस्तू पुन्हा जोडतो. ढासळलेले दगड हवेत उचलले जातात आणि आपापल्या जागी जाऊन बसतात. खऱ्या डेलॉस बेटावरही अपोलोचा भग्न पुतळा आहे. नॅक्सॉसच्या लोकांनी तो अडीच हजार वर्षांपूर्वी उभारला, उंची सुमारे ९ मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढी. गेममधले ते तुकडे बघताना मला दर वेळी आपलं कंधार आठवतं. तिथेही राष्ट्रकूटांच्या काळातल्या महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवयव सुटे सुटे पडले आहेत. देगलूर तालुक्यात होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं आहेत. ताईत चालवावा अशी सामग्री आपल्याकडे पावलापावलावर आहे! पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' आणला, त्यात दुर्गेच्या कृपेने त्रिशूळ हाती घेतलेली मुलगी राक्षसांशी लढते. चमू लहान, काम देखणं. त्याच वाटेने कुणीतरी सहस्रार्जुनाला उभं करावं, असं मला मनापासून वाटतं. हजार हातांची लढाई! एगिऑनच्या दहापट!

आता शेवटचा हिशोब, सगळ्यांत मोठा. व्हॉयेजर-१ हे यान १९७७मध्ये सुटलं. माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू त्याच्याएवढी दूर गेलेली नाही. त्याचा वेग सेकंदाला १७ किलोमीटर. आपली ठिपक्यांची रांग सेकंदाला साडेसत्तावीस किलोमीटरच्या पुढे धावते, म्हणजे यानाच्या दीडपटीहून वेगात! यान जवळजवळ अर्धं शतक अखंड धावून अडीच हजार कोटी किलोमीटरच्या घरात पोहोचलंय. एका माणसाच्या दहा तासांची रांग दहा लाख किलोमीटरला थोडी कमी. म्हणजे व्हॉयेजरला गाठायला पंचवीस हजार माणसं पुरेत. पंचवीस हजार! निम्म्या देगलूरने एका रविवारी हा खेळ संपवला, तर संध्याकाळपर्यंत रांग सूर्यमालेतले सगळे ग्रह मागे टाकून त्या यानाला जाऊन टेकते. आणि उरलेलं निम्मं देगलूर खेळायला बसलं, की तीच रांग तिथून वळून पुन्हा पृथ्वीवर येते!