ब्राउझरचे अपरिचित गुण

शिवणयंत्र घरांत आलें म्हणजे त्याच्याबरोबर एक लहानशी पेटीहि येते. तींत कांठ दुमडण्याचीं, चुण्या घालण्याचीं, गोट लावण्याचीं अशीं निरनिराळीं साधनें असतात. पुष्कळ घरांतून यंत्र पंचवीस वर्षें चालतें, झिजतें, आणि पेटी मात्र तेलाच्या बाटलीमागें जशीच्या तशी पडून राहते. सरळ शिवण येते, तेवढ्यावर काम भागतें. संगणकावर अथवा फोनवर इंटरनेट पाहणाऱ्या बहुसंख्य माणसांची ब्राउझरशीं असलेली ओळख अशीच आहे. पत्ता लिहावा, पान उघडावें, वाचावें आणि बंद करावें, एवढी सरळ शिवण त्यांना येते. पेटी उघडलेली नसते.

ब्राउझर म्हणजे दूरच्या संगणकावर ठेवलेलें पान मागवून घेऊन तें वाचण्याजोग्या स्वरूपांत पडद्यावर मांडणारी आज्ञावली. अशी पहिली आज्ञावली टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत लिहिली. पुढें १९९३ मध्यें मोझेक, १९९४ मध्यें नेटस्केप, २००४ मध्यें फायरफॉक्स आणि २००८ मध्यें क्रोम असे ब्राउझर लोकांच्या हातीं आले, आणि दर पिढीबरोबर त्यांचे गुण वाढत गेले. परंतु तयार स्थितींत मिळणारा ब्राउझर हा सर्वांना साधारणपणें चालेल अशा, आणि कित्येकदां त्याच्या कर्त्याला सोयीच्या अशा, रीतीनें लावलेला असतो. वापरणाराची दृष्टि, त्याची भाषा, त्याचा वेळ आणि त्याच्या पैशाची सुरक्षितता यांचा विचार करून तो लावून घेणें हें काम ज्याचें त्यालाच करावें लागतें.

प्रथम दृष्टीचा विचार करूं जातां असें दिसतें कीं, पुष्कळ पानांवर मजकूर बारीक असतो आणि त्याच्या दोहों बाजूंस हलत्या जाहिराती असतात. वयस्क वाचक अशा वेळीं आपल्या चष्म्याला दोष देतो. वास्तविक कंट्रोल ही कळ धरून अधिक चिन्हाची कळ दाबली कीं अक्षर वाढतें, उणे चिन्हानें घटतें, आणि शून्यानें मूळ मापावर येतें. एका संकेतस्थळासाठीं ठरविलेलें माप ब्राउझर लक्षांत ठेवतो. दुसऱ्या दिवशीं तेंच स्थळ उघडलें तर पुन्हां खटपट करावी लागत नाहीं.

याहून मोठी सोय म्हणजे वाचनदृश्य. सफारी या ब्राउझरनें २०१० मध्यें ती प्रथम रूढ केली. फायरफॉक्समध्यें लेखाचें पान उघडलें असतां पत्त्याच्या रकान्याच्या उजव्या टोंकाला कागदासारखें एक लहान चिन्ह दिसतें. तें दाबतांच जाहिराती, बाजूच्या पट्ट्या आणि हलतीं चित्रें नाहींशीं होतात, आणि लेख तेवढा पुस्तकाच्या पानासारखा समोर राहतो. विंडोजच्या संगणकावर एफ-नऊ ही कळहि तेंच काम करते. अक्षराचें माप, ओळींमधील अंतर, स्तंभाची रुंदी आणि पानाचा रंग या सर्व गोष्टी मग वाचकाच्या हातांत येतात. २०१६ पासून फायरफॉक्सच्या याच दृश्यांत लेख मोठ्यानें वाचून दाखविण्याचीहि योजना आहे. मराठी लेख ऐकावयाचा असल्यास मात्र संगणकांत मराठी आवाज बसविलेला असावा लागतो. क्रोममध्येंहि २०२३ पासून बाजूच्या पट्टींत अशी वाचनाची सोय आहे. ज्यांची दृष्टि मंद झाली आहे अशा माणसाला ही एक कळ दैनिक वृत्तपत्र परत मिळवून देऊं शकते.

मराठी वाचकाच्या उपयोगाचा आणखी एक कप्पा बहुधा कोणी उघडीत नाहीं. रोमन अक्षर ज्या मापांत सहज वाचतां येतें त्याच मापांत देवनागरी अक्षर दाटतें. कारण त्याला वर मात्रा, वेलांट्या आणि रफार, व खालीं उकार सामावून घ्यावे लागतात. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्यें फॉन्टच्या प्रगत भागांत गेलें असतां लिप्यांची एक यादी मिळते. तींत देवनागरी निवडून केवळ तिच्यासाठीं वेगळा टाइप आणि वेगळें किमान माप ठरवितां येतें. तसेंच भाषांच्या यादींत मराठी पहिल्या क्रमांकावर ठेवली, तर ब्राउझर प्रत्येक पान मागतांना 'शक्य तर मराठींत' अशी विनंति बरोबर पाठवितो. जीं संकेतस्थळें ही विनंति मानतात आणि ज्यांनीं मराठी पानें सिद्ध केलेलीं आहेत, तीं मग मराठींतच उघडतात. हे कप्पे शोधण्यासाठीं सेटिंग्जची सर्व पानें चाळण्याचें कारण नाहीं. त्या पानाच्या वरच्या बाजूस शोधाचा रकाना असतो, त्यांत हवी ती गोष्ट लिहिली म्हणजे पुरे.

आतां वेळेची गोष्ट. शंभर परिच्छेदांच्या सरकारी परिपत्रकांत निवृत्तिवेतनाचा एक उल्लेख हवा असेल, तर सगळें पान खालींवर फिरविण्याची आवश्यकता नाहीं. कंट्रोल व एफ या कळा दाबून शब्द लिहिला कीं तो जेथें जेथें आला असेल तेथें तेथें दाखविला जातो. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट व टी या तीन कळांनीं परत येतो; त्याच कळा पुन्हां दाबल्या तर त्याच्या आधीं बंद झालेलाहि येतो. अ‍ॅपलच्या संगणकावर या ठिकाणीं कंट्रोलच्या जागीं कमांडची कळ समजावी. फोनवर यांपैकीं कांहीं सोयी तीन ठिपक्यांच्या यादींत सांपडतात.

पत्त्याचा रकाना हा केवळ पत्ता लिहिण्याचा रकाना नव्हे. महिन्यापूर्वीं वाचलेला लेख पुन्हां हवा असतो, नांव आठवत नाहीं, आणि माणूस जगाच्या बाजारांत पुन्हां शोध घेऊं लागतो. वस्तु मात्र घरांतच असते. फायरफॉक्समध्यें या रकान्यांत आठाच्या आंकड्यावरील तारकाचिन्ह लिहून, एक जागा सोडून, आठवेल तो शब्द लिहिला तर शोध केवळ आपण खूण करून ठेवलेल्या पानांत होतो. सहाच्या आंकड्यावरील टोपीसारखें चिन्ह लिहिलें तर पूर्वीं पाहिलेल्या पानांत, आणि पांचावरील टक्क्याचें चिन्ह लिहिलें तर त्या वेळीं उघड्या असलेल्या टॅबांत होतो.

येथवर सांगितलेल्या गोष्टी न कळल्या तर गैरसोय होते. यापुढील न कळल्या तर नुकसान होतें. कांहीं स्थळें 'सूचना पाठवूं काय?' अशी परवानगी मागतात. वृत्तपत्र अथवा टपालसेवा यांनीं ती मागणें योग्यच आहे. परंतु कांहीं लबाड स्थळें, 'आपण यंत्रमानव नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं परवानगी द्या' असें खोटें कारण सांगून ती उपटतात. मग पान बंद केल्यावरहि पडद्याच्या कोपऱ्यांत 'संगणकांत विषाणु शिरला आहे, या क्रमांकावर त्वरित फोन करा' अशा सूचना येऊं लागतात. त्या संगणकाच्याच वाटतात. वस्तुतः त्या त्या स्थळाच्या असतात. घाबरलेला माणूस फोन करतो, सांगितलेली आज्ञावली उतरवून घेतो, आणि आपला संगणक व बँकेचें खातें परक्याच्या हातीं देतो. येथें उपाय फार सोपा आहे. सेटिंग्जमध्यें सूचनांची यादी उघडावी, अनोळखी नांव काढून टाकावें. सूचना तत्क्षणीं थांबतात. हा उपद्रव इतका वाढला कीं, २०२० च्या आरंभीं फायरफॉक्स व क्रोम या दोघांनींहि अशी परवानगी मागणाऱ्या चौकटींना आळा घातला. तरीहि पूर्वीं दिलेल्या परवानग्या ज्याच्या त्यानेंच तपासावयाच्या आहेत. त्याच ठिकाणीं कॅमेरा, ध्वनिग्राहक आणि ठावठिकाणा यांच्या परवानग्याहि पाहून घ्याव्या. कोणाचे पैसे गेलेच, तर वेळ न दवडतां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी.

पत्त्याजवळच्या कुलपाच्या चिन्हाविषयींहि मोठा गैरसमज आहे. तें लाखेची मोहर लावलेल्या पाकिटासारखें आहे. पाकीट वाटेंत कोणी फोडलें नाहीं, एवढेंच मोहर सांगते. पाठविणारा सज्जन कीं ठग हें ती सांगत नाहीं. ठगांचीं स्थळेंहि कुलूप लावूनच उभीं असतात. लोकांचा हा भ्रम ओळखून क्रोमनें २०२३ मध्यें कुलपाचें चिन्ह काढूनच टाकलें. खरें नांव ओळखण्याची रीत निराळी आहे. पत्त्यांतील दोन जोड तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिच्या लगत डावीकडे असलेलें नांव हें त्या स्थळाचें खरें नांव होय. त्याच्याहि डावीकडे एखाद्या नामांकित बँकेचें नांव लिहिलेलें असलें तरी तें फसवें असूं शकतें.

या परीक्षेंत डोळा चुकला तरी ब्राउझर बहुधा चुकत नाहीं. पासवर्ड ब्राउझरमध्यें सांठविलेला असेल, तर तो ज्या पत्त्यासाठीं सांठविला त्याच पत्त्यावर तो आपण होऊन भरला जातो. पान हुबेहूब बँकेचें दिसतें आहे आणि नेहमींचा पासवर्ड मात्र भरला जात नाहीं, अशी स्थिति आली तर तो हातानें लिहूं नये. तेथेंच थांबून पत्ता वाचावा. सांठविलेल्या पासवर्डांवर एक मुख्य पासवर्ड घालण्याची सोय फायरफॉक्समध्यें आहे, पण ती मुद्दाम चालूं करावी लागते.

शेवटीं कुकीची ओळख करून घेतली पाहिजे. नेटस्केपमधील लू मॉन्टुली यांनीं १९९४ मध्यें ही युक्ति काढली. संकेतस्थळ ओळखीसाठीं वाचकाच्या संगणकावर एक चिठ्ठी ठेवतें. वाचक परत आला कीं ती पाहून त्याला ओळखतें. हें उपयोगाचेंच आहे. परंतु पानावर जाहिरात लावणारा तिऱ्हाईतहि आपली चिठ्ठी ठेवूं लागला, आणि वाचक कोठकोठें जातो याची वही भरूं लागला. सफारीनें २०२० मध्यें तिऱ्हाइतांच्या चिठ्ठ्या बंद केल्या. फायरफॉक्सनें २०२२ मध्यें प्रत्येक स्थळाच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या बरणींत कोंडण्याची रीत सर्वांसाठीं चालूं केली. क्रोमच्या कर्त्यांनीं तें करण्याचें २०२० मध्यें जाहीर केलें आणि २०२४ मध्यें तो बेत सोडला. म्हणून क्रोम वापरणारानें ही मनाई सेटिंग्जमध्यें स्वतः करावी.

खासगी खिडकी उघडली म्हणजे आपण अदृश्य झालों, असेंहि कित्येकांना वाटतें. ती खिडकी बंद केल्यावर पाहिलेल्या पानांची नोंद त्या संगणकावर राहत नाहीं, इतकाच तिचा गुण. ग्रंथालयांतील अथवा दुसऱ्याच्या संगणकावर तो फार मोलाचा आहे. परंतु इंटरनेट पुरविणारी कंपनी, कचेरीचें जाळें आणि प्रत्यक्ष संकेतस्थळ यांच्यापासून ती कांहीं लपवीत नाहीं. उतरवून घेतलेली फाइलहि संगणकावर राहतेच. याच गैरसमजावरून अमेरिकेंत गूगलवर २०२० मध्यें दावा झाला, आणि २०२४ मध्यें तडजोड होऊन अशा वाचनाच्या जुन्या नोंदी नष्ट करण्याचें त्या कंपनीनें कबूल केलें.

हें सर्व एका दिवसांत आत्मसात् करण्याची गरज नाहीं. एखाद्या संध्याकाळीं अर्धा तास काढून प्रथम सूचनांची यादी स्वच्छ करावी, मग तिऱ्हाइतांच्या कुकी बंद कराव्या, आणि अक्षराचें माप व भाषा लावून घ्यावी. कळा एकेक करून वापरांत आणाव्या. आठवड्याला एक याप्रमाणें त्या बोटांत बसतात. घरांतील वडील माणसांचा संगणक असेल तर त्यांच्या शेजारीं बसून, त्यांच्याच हातानें हें करवून घ्यावें. दुसऱ्यानें परस्पर लावून दिलेलें यंत्र पुन्हां परकेंच राहतें. ज्याला आपल्या ब्राउझरमधील परवानग्या वाचतां येतात आणि काढून घेतां येतात, त्याला कोपऱ्यांतल्या खोट्या सूचनेची भीति वाटत नाहीं, आणि त्याच्या कष्टाची पुंजीहि तितकी सुरक्षित राहते.