हिवाळ्याची सुट्टी, वैनगंगेच्या काठी

हिवाळी परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की वसतिगृहातली मुले बॅगा भरून गावी निघतात. कारध्याचा मुलगा नागपूरहून साठेक किलोमीटरचा प्रवास करतो, वैनगंगेचा पूल ओलांडतो आणि घरी पोहोचतो. पहिले दोन दिवस झोपेत जातात, पुढचे मोबाइलमध्ये. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, ‘सुट्टी कशी संपली, कळलेच नाही!’

मित्रहो, कॉलेजच्या दोन सुट्ट्यांपैकी हिवाळ्याची सुट्टी लहान, पण आपल्या भागात तीच मोलाची. उन्हाळ्यात जिल्हा तापतो, बोड्या आटतात, दुपारी बाहेर पडवत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र इथला निसर्ग आणि माणसे, दोन्ही भरात असतात. धानाच्या पुंजण्यांची मळणी चालू असते आणि बांधीत उरलेल्या ओलीवर लाखोळी उभी असते.

सकाळी एखादा तलाव गाठा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने इथे मोठमोठे तलाव बांधले. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हिवाळ्यात या भागातल्या तलावांवर उतरतात. १९८७ पासून आशियात दर जानेवारीला पाणपक्ष्यांची गणना होते, तिच्यात हौशी माणसेही भाग घेतात. चौघांत एक दुर्बीण पुरते.

रात्र नाटकाची. दिवाळीनंतर सुरू झालेला झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम होळीपर्यंत चालतो. वडसा हे तिचे केंद्र. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत रंगते. याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

उरली दुपार. ती नदीसाठी ठेवा. गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले. आज त्याचे पाणी इथवर येते. तुम्ही लहानपणापासून पाहिली ती ही भरलेली नदी. आजोबांनी मात्र हिवाळ्यात उघडे पडणारे वाळवंट आणि त्यातल्या डांगरवाड्या पाहिल्या आहेत. त्यांना विचारा, धार कुठून वाहायची? मासे कोणते मिळायचे? ऑगस्ट २०२० च्या पुरात पाणी कुठवर चढले, हे तर घरातले सगळेच सांगतील. ऐकलेले वहीत लिहून ठेवा. पुढे नोकरी पुण्याला लागली की सुट्टी मोजून मिळते, आणि सांगणारी माणसे तोवर असतीलच असे नाही.

याचा अर्थ सुट्टीचेही वेळापत्रक करा, असा नाही. अंगणातल्या उन्हात पडून राहणे हाही सुट्टीचा हक्कच आहे. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवून बाहेर पडा. आणि उद्या सकाळी शेकोटी पेटली की मोबाइल घरात ठेवून तिथे जाऊन बसा. बोलायला म्हातारी माणसे तयारच असतात, कोणीतरी विचारायला मात्र हवे.