काळ्या पाषाणाची अमानत

जमिनीवर फिरा आणि आपल्या आधी होऊन गेलेल्या लोकांचे काय झाले ते पाहा, अशी ताकीद कुरआनात पुन्हा पुन्हा आली आहे. सुट्टीत मुलांना घेऊन निघताना ती लक्षात ठेवली, तर सहल नुसती मौज राहत नाही. त्यासाठी लांब जायचीही गरज नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आपण राहतो ती जमीन थंड झालेल्या लाव्हारसाचीच आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारस वाहिला. एकावर एक थर साचले, थंड झाले आणि त्यांचा काळा पाषाण बनला. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे दिसतात, ते याच दगडात पाण्याने कोरलेले आहेत.

लाव्हाने वेढलेले चर्च

असा लाव्हा वाहताना माणसांचे काय होते, हे गेल्या शतकात मेक्सिकोतील लोकांनी पाहिले. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मिचोआकान प्रांतात एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि पारिकुतिन नावाचा ज्वालामुखी जन्माला आला. पुढच्या वर्षी लाव्हा सान हुआन पारांगारिकुतिरो या गावावर आला. तो सावकाश पुढे सरकत असल्याने गावकऱ्यांना निघून जाता आले. जाताना त्यांनी चर्चमधील येशूची पूज्य मूर्ती सोबत नेली आणि दुसरीकडे नवे गाव वसवले. जुन्या गावातील घरे गाडली गेली. चर्चचा मनोरा आणि वेदीचा भाग मात्र काळ्या खडकांतून वर उभा राहिला. १९५२ मध्ये ज्वालामुखी शांत झाला. आज लोक पायी किंवा घोड्यावरून तिथे जातात आणि खडकांवरून चढत ते अवशेष पाहतात.

आपण मुसलमान आहोत, चर्चच्या भिंतींशी आपला काय संबंध, असे कुणी विचारेल. सूरह हज्जच्या चाळिसाव्या आयतीत मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी यांचा उल्लेख एकत्र आला आहे. अल्लाहने काही लोकांना दुसऱ्यांकरवी रोखले नसते, तर ही सारी स्थळे उद्ध्वस्त झाली असती, असा तिचा आशय आहे. हजरत उमर (रजि.) जेरुसलेमला गेले, तेव्हा नमाजची वेळ झाली असता त्यांनी तेथील मोठ्या चर्चमध्ये नमाज पढण्यास नकार दिला, असे सांगितले जाते. पुढे मुसलमानांनी त्या जागेवर हक्क सांगू नये, ही त्यांची काळजी होती. दुसऱ्याच्या इबादतगाहेचा असा अदब हा आपल्याच दीनचा भाग आहे. नगरमध्ये १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. इथे पिढ्यान्‌पिढ्या आपले ख्रिस्ती शेजारी आहेत. त्यांच्याविषयी मुलांना हीच शिकवण द्यायला हवी.

आपल्या अंगणातील अवशेष

दुसऱ्यांच्या जागेचा मान राखायचा, तर आपल्याही जागा ओळखायला हव्यात. किल्ल्याजवळची दमडी मशीद १५६७-६८ ची. ती लहान आहे, पण दगडावरची नक्षी डोळ्यांत भरते. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी दमडी दमडी देऊन ती उभारली, असे लोक सांगतात. नगर-पाथर्डी रस्त्याने गेल्यावर शाह डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. वास्तविक तो महाल नाही. निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. सलाबतखान १५८९ मध्ये वारला. चांदबीबीने किल्ला लढवला तो त्यानंतर, १५९५-९६ मध्ये.

नाव चुकले की वागणेही चुकते. महाल समजून आलेली मंडळी मोठ्याने गाणी लावतात, खाऊच्या पिशव्या टाकतात. ही कबर आहे हे कळले, तर तीच मंडळी आवाज खाली आणतील. दोन्ही वास्तू पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. पण चौकीदार सगळीकडे पुरा पडत नाही. खरी राखण येणाऱ्याजाणाऱ्यांनीच करायची असते.

जाताना

शाह डोंगरावर सकाळी लवकर जावे. उन्हाळ्यात दगड फार तापतो. पाणी सोबत न्यावे. कबरीपाशी सलाम करून दुआ करावी. मुलांना इमारतीचे आठ कोन मोजू द्यावेत आणि वरून शहर दाखवावे. घरी परतल्यावर मुलांना चार ओळी लिहायला सांगाव्यात: इमारत कोणाची, केव्हाची, कोणत्या दगडाची. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला शांतपणे थांबवावे, मग तो कुठल्याही समाजाचा असो. चर्च असो, मंदिर असो की मशीद, हाच नियम पाळावा.

सान हुआनचे लोक लाव्हा थांबवू शकत नव्हते. आपल्या वाट्याला तसे संकट आलेले नाही. आपल्याला फक्त कचरा उचलायचा आहे, खरे नाव सांगायचे आहे आणि आधीच्यांची ही अमानत नंतरच्यांच्या हाती सोपवायची आहे.