उद्वाहिनीची जाडी आणि तपासणीची वाट

जालन्याच्या कारखान्यांत तयार होणारी पोलादी सळई भरीव असते. तिचा व्यास बाहेरून मोजला की पुरते. नळीला मात्र आतलेही माप असते. समुद्रातील तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या नळ्यांत तर हे आतले माप विशेष जपावे लागते.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने १९७४ साली तेथे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. अशा क्षेत्रात समुद्रतळावरील वाहिनीला पाण्यावरील फलाटाशी जोडणारी उभी नळी म्हणजे उद्वाहिनी, अर्थात रायझर.

उद्वाहिनी फलाटावरील माणसांलगत असते आणि लाटांचे तडाखे सोसते. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय येथे जहाजाच्या धडकेने उद्वाहिनी फुटून आग लागली; २२ जणांचे प्राण गेले. अशा धोक्यांमुळेच वायुवाहिन्यांची अमेरिकी संहिता समुद्रतळावरील नळीत पोलादाच्या नमनबलाच्या (ज्या ताणाला पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते, त्या मर्यादेच्या) ७२ टक्क्यांपर्यंत ताण चालवून घेते, उद्वाहिनीत मात्र ५० टक्केच.

उदाहरणार्थ, ७६२ मिलिमीटर बाह्यव्यास, १० मेगापास्कल दाब आणि ४१५ मेगापास्कल नमनबल असल्यास तळावरील नळीची जाडी सुमारे १२.८, तर उद्वाहिनीची १८.४ मिलिमीटर येते. बाह्यव्यास तोच ठेवल्यास वाढीव जाडी आतच शिरते आणि अंतर्व्यास सुमारे ११ मिलिमीटरने घटतो. गंजासाठी ठेवलेली जादा जाडी ही वाट आणखी अरुंद करते.

याच वाटेने प्रवाहाच्या दाबावर ‘पिग’ हे तपासणीयंत्र पुढे सरकते. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. चुंबकीय पिग पोलाद चुंबकित करून गंजाचे खड्डे टिपतो. भिंत फार जाड असेल, तर ती पुरेशी चुंबकित होत नाही आणि मोजमाप ढिले पडते. श्राव्यातीत ध्वनीचा पिग जाडी थेट मोजतो; परंतु त्याला सामान्यतः द्रव माध्यम लागते, त्यामुळे वायुवाहिनीत तो सहजी चालत नाही.

अरुंद वाटेत पिग अडकू नये, यासाठी उपाय तीन आहेत. पहिला, अंतर्व्यास कायम ठेवून बाह्यव्यास वाढवणे. वरील उदाहरणात तो सुमारे ७७४ मिलिमीटर होईल. दुसरा, अधिक बळाचे पोलाद वापरून जाडी कमी करणे. तिसरा, जाडी बदलते तेथे आतून सौम्य उतार देणे आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या सुमारे पाचपट ठेवणे.

जाडीचे गणित दाबापासून सुरू होते, पण ते तेथेच संपवू नये. उद्वाहिनी एकदा समुद्रात उभी राहिली की तिची भिंत आतून झिजली का, हे मुख्यतः पिगच सांगतो. म्हणून त्याची वाट नकाशावरच आखलेली असावी.