विश्लेषण : कर्करोगाची पेशी ‘टी’ पेशीला का दिसत नाही?

विषाणूने ग्रासलेली किंवा बिघडलेली पेशी हुडकून मारणे हे ‘टी’ पेशींचे काम. त्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात. अल्फा आणि बीटा या दोन प्रथिन साखळ्या जोडून बहुतेक रिसेप्टर तयार होतात. टोकाशी सहा छोटी वेटोळी असतात, तीच ओळख पटवतात.

अडचण अशी की, हा रिसेप्टर अख्खे प्रथिन ओळखत नाही. पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि साधारण नऊ अमिनो आम्लांचा एकेक तुकडा ‘एचएलए’ रेणूच्या खाचेत ठेवून बाहेर दाखवते. टी पेशी पाहते ते एवढेच. काही कर्करोगपेशी मग एचएलएच कमी करतात. ओळखपत्रच नाही, तर तपासणार काय?

‘कार-टी’ उपचारात ही अट काढली आहे. रुग्णाच्याच टी पेशींत नवा रिसेप्टर बसवतात : बाहेर प्रतिपिंडाचा तुकडा, आत पेशीला चालना देणारे भाग. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ला रक्ताच्या काही कर्करोगांसाठी २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्याचा रिसेप्टर बी पेशींवरील सीडी१९ हे प्रथिन थेट पकडतो.

मात्र सीडी१९ निरोगी बी पेशींवरही असते. त्याही मरतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. कर्करोगपेशीने सीडी१९च टाकून दिले, तर आजार उलटू शकतो. शिवाय पेशीच्या आत दडलेले प्रथिन ‘कार’ला दिसत नाही, ते मूळ रिसेप्टरलाच जमते.